बेचाळीस चौकोनांचं व्रत

“अम्मा, पाय ऑपरेशनच्या आधी उचलायचा. रोज चाळीस बार, सहा हप्ते. बाद में रोने का नहीं.”

लातूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बिलकीस असं म्हणाली, तेव्हा मी हात जोडून ‘हाव’ म्हटलं होतं. माझे दोन्ही गुडघे झिजले होते. आधी उजवा बदलायचा, मग डावा. उदगीरला आमच्या मठाला अकरा पायऱ्या आहेत आणि तीन वर्षं मी खालूनच नमस्कार करून परत येत होते. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी स्वतःच्या पायानं वर येईन, असं महादेवाला कबूल केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, नवा गुडघा कसा चालेल ते ऑपरेशनच्या आधीच ठरतं. मांडीत बळ किती, अंगावर वजन किती, रक्तात साखर किती, यावर. म्हणून त्यांनी एक कार्ड दिलं. बेचाळीस दिवसांचे बेचाळीस चौकोन.

व्रत म्हटलं की मला शिकवावं लागत नाही. सोमवार, गुरुवार, प्रदोष चालूच होते. वजन उतरावं म्हणून त्यात शनिवार घातला. उपास वाढले तसा साबुदाणा वाढला, त्याच्यासोबत तूप वाढलं, आणि उपास सोडताना तोंड गोड केलंच पाहिजे म्हणून राजगिऱ्याचा लाडू आला. महिनाभराच्या कडक उपासांनी माझं वजन अडीच किलोंनी वाढलं.

पाय उचलायचा तेवढा राहिला. उचलला की दुखायचा, आणि दुखत्या अंगानं देवाचं काही करू नये असं मला वाटतं.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते साल. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर साखळी उपोषण चाललं होतं. पहिल्या दिवशी आमचे हे बसले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आमचा मुलगा मल्लिकार्जुन, तिसऱ्या दिवशी शेजारचे ज्ञानोबा. पेपरात नाव मात्र ह्यांचंच आलं. वाट त्यांनीच दाखवली.

“जिल्ह्याचं उपोषण साखळीनं चालतं, मग गुडघ्याचं का न्हाई चालणार?”

मला पटलं. मला ताप आला की राहिलेला जप सून शिवकांता पुरा करते आणि पुण्य मलाच लागतं. टंचाई होती म्हणून संकल्पाचं पाणी पळीऐवजी थेंबानं सोडलं, आणि शिवकांताला चटईवर आडवं केलं.

“आत्याबाई, पाय माझा आन गुडघा तुमचा. डॉक्टरला इचारलंत का?”

डॉक्टरला धर्मातलं काय कळतंय, असं मी तिला हळूच सांगितलं. ती पाय उचलायची, मी माळेवर मोजायची, आणि चाळीस झाले की चौकोनात कुंकवाचं बोट. टँकर आला की तिला कळशा घेऊन पळावं लागे. त्या दिवशी पाळी मल्लिकार्जुनाची. तो मोबाईल बघत उचलायचा. एकदा तोही घरी नव्हता, तेव्हा ह्यांनी दहा वेळा उचलला आणि उरलेले तीस तत्त्वतः मंजूर केले.

दवाखान्यात कार्डाचं फार कौतुक झालं. इतकं भरलेलं कार्ड त्यांनी पाहिलं नव्हतं. ‘पूर्वतयारी पूर्ण’ असा शिक्का बसला. काट्यावर वजन जास्त दिसलं, तेव्हा असं कार्ड असलेल्या पेशंटचं वजन वाढणं शक्य नाही म्हणून काटा दुरुस्तीला पाठवला. कार्ड चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची साखराबाई न्हाणीपर्यंत जाऊन आली. माझा पाय ज्वारीच्या पोत्यासारखा पडून होता. भेटायला आलेली शिवकांता पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर घेऊन तीन मजले चढली आणि तिला दमही लागला नव्हता. बिलकीसनं माझी मांडी चाचपली, सुनेकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“अम्मा, तुमचं कार्ड तो चलने लगा. तुम्ही कब?”

मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

श्रावणातला पहिला सोमवार आला. अकरा पायऱ्या माझ्या वतीनं शिवकांता चढली. मठातल्या स्वामींनी तीर्थ घरी पाठवलं. मी ते खाटेवरच घेतलं.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर तुमची सासू आली असेल, किंवा मावशी, किंवा शुगरच्या गोळ्या घेऊन पेढा खाणारे काका. हे त्यांना वाचून दाखवायला पाहिजे, असंही मनात आलं असेल. बघा, वाचणंसुद्धा तुम्ही त्यांच्या वतीनं करून राहिलात.

परवा डाव्या गुडघ्याचं कार्ड मिळालं. शिवकांतानं न सांगता चटई अंथरली आणि सवयीनं आडवी होऊ लागली. मी तिला टँकरकडे पाठवलं. ह्यांना उपोषणाला पाठवलं. दाराला कडी घातली, माळ खुंटीला अडकवली, कुंकवाचा करंडा कपाटात ठेवला आणि भिंतीला धरून खाली टेकले.

एक.