सभेपुढचं झुडूप

आमचे शेजारी भानुदास अण्णा एकट्याने सभा घेतात. एकट्याने म्हणजे अगदी एकट्याने. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दूध संस्थेचं कुलूप उघडतात, सतरंजी अंथरतात, टोपी सारखी करतात आणि रिकाम्या खोलीला खणखणीत आवाजात सांगतात, "कोरम नसल्यामुळं सभा अर्धा तास तहकूब!" मग पायरीवर बसून तंबाखू मळतात. अर्ध्या तासाने पुन्हा आत जातात, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही, असा नियम आहे.

"मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्यात येत आहे. कुणाची हरकत?"

असं विचारून ते खरोखर थांबतात. सतरंजीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवतात. कोणाचीच हरकत नसते.

संस्थेची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे, म्हणून मला हे सगळं ऐकू येतं. मी बीडला इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं आणि आता वडवणीजवळच्या या आमच्या गावात परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असते. मी फार बोलत नाही. अण्णा शेजारी असल्यामुळे तशी गरजही पडत नाही.

दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं. जनावरं कुणी विकली, कुणी पाहुण्यांकडे नेऊन बांधली. दूध थांबलं. हातपाय धड असलेली माणसं ऊसतोडीला गेली, त्यात अण्णांचा मुलगा आणि सूनही. उरले म्हातारे, आपापल्या ओट्यावर, भिंतीला टेकून. अण्णा संस्थेचे सचिव. थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते थांबले नाहीत. "संस्था बंद न्हाई, दूध बंद हाय," असं ते बजावतात. एकदा कोरमभर सभा झाली पाहिजे, एवढा एकच ध्यास.

सभेची भाषा त्यांच्या जिभेवरून उतरतच नाही. आमच्याकडे जेवायला बसले की आईला म्हणतात, "वहिनी, पिठल्यात मीठ कमी हाय, नोंद घ्यावी." आंघोळ पाण्याअभावी तहकूब असते. संस्थेत कुत्रं शिरलं तर हाड म्हणत नाहीत. दारात उभे राहून त्याला समजावतात, "आपण सभासद न्हाईत." कुत्रं बहुतेक वेळा ऐकतं.

एका सकाळी माझ्या खिडकीतून आधी एक डहाळी आत आली, मग अण्णांचा हात आणि मग आवाज.

"मॅडम, हे कुणाच्यातलं?"

खरबरीत पानं, टोकाला जांभळट तुऱ्यांचे झुबके. अण्णा डोंगरावर गेले होते. "समदं वाळून कोळसा झालंय, आन हे एकटंच हिरवंगार उभं. म्हणलं, चौकशी करावी. घराणं सांगा फक्त."

"सूर्यफुलाच्या घराण्यातलं," मी म्हटलं.

मी उंदराला म्हैस म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सूर्यफूल? हे?"

मग मी भिंग काढलं. सूर्यफूल आपण एक फूल समजतो, पण ते शेकडो बारक्या फुलांचं एकत्र बिऱ्हाड असतं. कडेची पिवळी फुलं नुसती दिसायला, बी धरतात ती मधली बारकी. एवढं माझ्याकडून सलग बोललं गेलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. झेंडूही त्याच घराण्यातला, म्हणून अण्णांनी आमच्या मोरीजवळच्या झेंडूचं फूल उसवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग एकदम ओरडले, "आरं देवा! ही तर संस्था हाय! कडेचे संचालक, फोटोपुरते. आन मधले सभासद, राबायला!"

त्यांनी घाईघाईने डहाळीवरचा तुरा बघितला. "मॅडम, ह्यात कडेचे दिसंनात."

"या झुडपात नसतात. सगळी फुलं सारखीच."

"संचालक मंडळच न्हाई? नुसते सभासद?" अण्णांनी गल्लीत दोन गिरक्या घेतल्या. तिसरी राहिली, कारण टोपी पडली.

त्या दिवसापासून त्यांना जिकडेतिकडे या घराण्याची माणसं भेटू लागली. करडई आपल्यातली, शेवंती आपल्यातली, माका, पाथरी, सगळी आपली. गाजरगवतही त्यातलंच, हे मी जरा भीतभीतच सांगितलं. अण्णा विचारात पडले. "असू द्या. कोणत्या भावकीत एक तसला नसतो?"

समोरच्या ओट्यावर दगडूतात्या बसतात. ते संस्थेचे माजी चेअरमन. अण्णांनी डहाळी कौतुकाने त्यांच्या पुढ्यात धरली. तात्यांनी हुंगली आणि निकाल दिला, "तुळशीच्यातलं हाय."

"सूर्यफुलाच्यातलं!"

"येडा झाला का बे भानुदास? ह्याला सूर्यफुलाचं कावून म्हणायचं? सूर्याकडं बघायला तोंड तरी हाय का त्याला? जांभळा तुरा, उग्र वास. तुळसच!"

"वास तर तुमच्या बंडीला बी येतो तात्या, म्हणून ती काय तुळस झाली?"

हे रोज सकाळी सुरू झालं. पहिले दोन दिवस बाकीचे म्हातारे लांबून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी काठ्या टेकत गल्लीत आले. आठवड्यात गावात दोन पार्ट्या पडल्या, तुळसवाले आणि सूर्यफूलवाले. पारूआजी मुळात तात्यांच्या बाजूने, पण पानं चुरगाळून पाहिली आणि फुटल्या. "इतकं खरबरीत? माझ्या तुळशीची बदनामी करू नका रे, मुडद्यांनो!"

अण्णांनी संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ऐनवेळचे विषय – डोंगरावरील झुडपाचे घराणे ठरवणे.

सोमवारी सतरंजी पुरली नाही. दोघांना पोत्यावर बसवावं लागलं. अण्णांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली. "कोरम," ते म्हणाले आणि थांबले. तांब्यातलं पाणी प्यायले. "कोरम पूर्ण हाय. सभा सुरू."

त्यांनी सगळ्यांना स्वतः चहा दिला, पावडरच्या दुधाचा. दूध संस्थेत पावडरचं दूध म्हणून आजींनी टोमणा मारला, तोही अण्णांनी नोंदवून घेतला. मग मला बोलावलं. मी दाराच्या चौकटीत उभी होते आणि तिथूनच म्हणाले, "तुळशीच्या घराण्यात दांडा चौकोनी असतो. चाचपून बघा."

डहाळी हातोहात फिरली.

"चौकोनी हाय!"

"गोल हाय!"

"तुझी बोटंच चौकोनी झालीत बे!"

शेवटी तात्यांनी ती घेतली. दुसऱ्या हातात आजींच्या अंगणातल्या तुळशीची काडी. दोन्ही बोटांत फिरवून पाहिल्या. मग भिंग घेऊन तुरा बघितला, बराच वेळ. खोलीत कुणी चहाचा घोट घेतला तर ऐकू येत होता. तात्यांनी भिंग खाली केलं आणि हनुवटी खाजवली.

"भानुदास, लेका, आता मला बी वाटायलंय की हे..."

"थांबा!" अण्णांनी भिंग त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. "घाई नको. विषय लई मोठा हाय. पुढच्या महिन्याच्या सभेपुढं ठेवण्यात येत आहे. सूचक मी. अनुमोदन?"

मला काही कळेना. माणूस जिंकला होता. अजून एक शब्द आणि झुडूप त्यांच्या घराण्यात कायमचं आलं असतं. "पण अण्णा, हे तर आत्ताच..." मी म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सचिव नव्हता. हातातलं सुटून जाईल म्हणून घाबरलेला एक म्हातारा माणूस होता.

"अनुमोदन," मी म्हणाले. भरल्या सभेत, मोठ्याने.

तात्या अण्णांकडे बघत राहिले, मग सतरंजीकडे, मग दाराबाहेरच्या ओसाड गल्लीकडे.

"बरं," ते सावकाश म्हणाले. "मग मी मुळी उपटून आणतो. मुळीवरनं कळंल तुळस हाय का न्हाई ते."

"उपटू नका, खणून थोडी घ्या," अण्णा म्हणाले.

"ते तू सांगू नको बे मला."

"आन मी पाट घेऊन येते," आजी गुडघा दाबत उठल्या. "ह्या सतरंजीवर बसवत न्हाई बाई."

भांडत भांडत सगळे बाहेर पडले. मी वाकून कप गोळा करायला लागले.

"राहू दे पोरी." मॅडमची पोरी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच झाले. "सकाळी धुतो."

जो जिथे बसला होता तिथे त्याचा कप होता. तात्यांच्या कपात चहा अर्धा उरलेला. अण्णा त्या कपांच्या मधोमध मांडी घालून बसले. आजींचा कप कलंडला होता. त्यांनी तो उचलला आणि तिथेच, आजींच्या जागेवर, सरळ करून ठेवला.