आमचा संसार, नंबर एकशे अठरा

सामान हलवणारा माणूस विश्वासू असावा, एवढी एकच माझी अट होती. (ती पुढे एकोणतीस अटींवर गेली. पण सुरुवात एकीनेच झाली, हे आधीच सांगून ठेवतो.)

मी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला, निवृत्त प्राध्यापक. कुलूप लावलं का हे पाहायला मी तीनदा घरी परतायचो. चौथ्यांदा परतत नसे, कारण तोवर माझी बायको सोजरबाई किल्ली काढून घ्यायची. अशा माणसाने पंचाहत्तराव्या वर्षी शिरूरहून दौंडला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. आमची मुलगी माया दौंडला रेल्वेत नोकरीला आहे. तिच्याच गल्लीत घर मिळालं.

"राहूचा खंडू हाय की," सोजरबाई म्हणाली. राहू तिचं माहेर. "ट्रॅक्टर हाय त्याचा. मान मोडून काम करतंय पोरगं."

"सोजर, ही तज्ज्ञांची कामं असतात," मी म्हणालो आणि पुण्याच्या एका कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीला विचारलं, "तुमच्या शंभर खेपांत किती वस्तू फुटतात?"

"एकही नाही, सर."

शून्य म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? मी दुसऱ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "दोन-तीन फुटतातच, साहेब." त्याच्यावर विश्वास बसला, पण त्याच्या हाती सामान द्यायचा धीर होईना. असे बारा दिवस गेले. मग गावातला टेम्पो पाहायला गेलो, तर ऊसतोडणी सुरू झालेली. तालुक्यात ज्याला म्हणून चाकं होती, ते सगळं उसाला जुंपलेलं. शेवटी खंडूच आला. सोजरबाईने त्याला दोनदा चहा दिला.

तिची मात्र एक अट होती. नव्या घरात पहिली चूल पेटेल ती भंतेजींच्या भोजनदानासाठी, आणि खीर ती स्वतःच्या हाताने करणार. रविवारी साडेअकराची वेळ ठरली; भंतेजी चौफुल्याहून बसने येणार होते. भंतेजी बारानंतर अन्न घेत नाहीत. सव्वाबारा चालत नाही, बारा वाजून एक मिनिटही नाही.

"बाकी काय फुटायचं ते फुटू द्या," ती म्हणाली. "भंतेजी माझ्या दारातनं उपाशी गेलं, तर मी परत शिरूरला जाईन. तुम्ही ऱ्हावा दौंडात."

आता सांगा, मी सूचना लिहून काढल्या यात माझं काय चुकलं?

खंडू नम्र निघाला. "लिवूनच द्या सर. म्हंजी चुकायचं न्हाई." मी सुवाच्य अक्षरात एकोणतीस कलमं लिहून दिली. त्याने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधली. आयुष्यभर इतक्या विद्यार्थ्यांना शिकवलं, पण माझ्या नोट्सचा असा मान कुणी ठेवला नव्हता.

खोक्यांवर मी नावं लिहिली नाहीत, सांकेतिक क्रमांक घातले. आत काय आहे ते चोराला कळायला नको. क्रमांकांचा अर्थ एका वहीत लिहिला. (वही कुठे आहे, हे कृपया इतक्यात विचारू नका.)

रविवारी सकाळी सहाला ट्रॅक्टर न्हावऱ्याच्या रस्त्याने निघाला. आम्ही दोघं सात वाजता पुतण्या सम्राटच्या गाडीतून काष्टीच्या रस्त्याने निघालो. एकाच अपघातात माणसं आणि सामान दोन्ही जाऊ नयेत म्हणून मी रस्ते वेगळे ठेवले होते.

"म्हंजी सामान गेलं तर आपण ऱ्हातो, आन् आपण गेलो तर सामान ऱ्हातं," सोजरबाई म्हणाली. "कुणासाठी ऱ्हातं?"

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

साडेआठला दौंडला पोहोचलो. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. खंडू फोन उचलेना. (कलम तीन : वाहन चालवताना फोन उचलू नये.) माया ड्यूटीवर, तिच्या घराला कुलूप. सोजरबाई रिकाम्या स्वयंपाकघरात दुधाची किटली मांडीवर घेऊन बसली होती. दहाला पाच कमी असताना त्याचाच फोन आला.

"खंडू, कुठे आहेस?"

"लायनीत हाय सर. गाडी थांबलीय म्हणून फोन केला."

"कसल्या लायनीत?"

"कारखान्याच्या. नंबर बी भेटलाय, एकशे अठरा. म्होरं सत्तरेक गाड्या असतील. संध्याकाळपतुर लागंल आपला नंबर."

मी खाली बसलो. खुर्च्या एकशे अठरा नंबरवर असल्यामुळे जमिनीवर बसलो.

सम्राटने गाडी चौफुल्याजवळच्या साखर कारखान्याकडे पिटाळली. वाटेत सोजरबाई किटली मांडीवर धरून घड्याळाकडे पाहत होती आणि मी खिडकीबाहेर. कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्यांची रांगच रांग, आणि त्यात निळ्या ताडपत्रीखाली आमचा संसार. पुढे ऊस, मागे ऊस.

"अरे, तू आत आलासच कसा?"

खंडूने पिशवीतला कागद दाखवला. "कलम सात. ओव्हरटेक करायचं न्हाई. कलम नऊ. म्होरं जाणता ड्रायव्हर बघून त्याच्या मागंच ऱ्हायचं. न्हावऱ्याच्या म्होरं हौसराव मामा गावलं. तीस वर्सं ऊस वाहत्यात. त्यांच्यापरीस जाणता कोण हाय? ते वळलं, मी वळलो."

"गेटवर विचारलं नाही का कुणी?"

"विचारलं की. ताडपत्रीखाली काय हाय म्हणं. कलम सोळा, आत काय हाय ते कुणाला सांगायचं न्हाई. मी गप ऱ्हायलो. त्यांनी नंबराचा बिल्ला दिला."

"मग मागे फिरायचं ना."

"कलम अकरा," खंडू म्हणाला. "रिव्हर्स घ्यायचा न्हाई."

अत्यंत विश्वासू माणूस. मला हवा होता तसाच मिळाला होता.

मी प्रत्येक कलमामागची कारणं सांगायला लागलो. तोवर सोजरबाईने पदर खोचला. "सम्राट, भंतेजी चौफुल्याला बसची वाट बघत असतील. त्यांना हितंच घिऊन ये. खंडू, दोर सोड. गॅस खाली घे."

"इथे?" मी विचारलं. "यार्डात?"

"बारा वाजायला दीड तास हाय. तुमचं काय कलम असंल तर सांगा."

भांडी खोका क्रमांक एकोणचाळीसमध्ये असावीत, किंवा त्र्याण्णवमध्ये. नक्की काय ते वहीत होतं, आणि वही कुठल्या खोक्यात आहे ते वहीतच लिहिलं होतं. रांगेतले ड्रायव्हर मदतीला धावले. एकशे सतरा नंबरवाल्या हौसरावांनी पहिलं खोकं फोडलं. पुस्तकं. दुसरं, पुस्तकं. सहाव्या खोक्यानंतर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "सर, घरात जेवत होता का नुसतं वाचत होता?"

साखरही सापडेना. साखर कारखान्याच्या दारात साखरेसाठी खोकी फोडत बसणारं आमचं पहिलंच कुटुंब असावं.

सोजरबाई दोन मिनिटं हे पाहत राहिली. मग ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि तीन खोकी ओढून काढली. प्रत्येकाला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली. पातेलं, तांदूळ, साखर, वेलदोडे, सगळं तिथे होतं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वहीबद्दल इतकं बोलत व्हता. म्हणलं, बोलू द्यावं."

उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये, वारा लागू नये म्हणून माझ्या प्रबंधाच्या बांधीव प्रती आडोशाला लावून, खीर शिजली. (चाळीस वर्षांत त्या प्रबंधाचा झालेला हा पहिला उपयोग.) अकरा पंचवीसला सम्राटच्या गाडीतून भंतेजी उतरले. त्यांनी रांग पाहिली, धुराडं पाहिलं, पेटलेली शेगडी पाहिली आणि काहीही न विचारता खंडूने मांडलेल्या आमच्या खाटेवर बसले. सोजरबाईने वाढलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तिने दोन्ही हातांनी पळी धरली होती. मी त्या हातांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला नुसती लाज वाटली, काळजी नव्हे.

बाराच्या आत पात्र बाजूला ठेवून भंतेजींनी गाथा म्हटल्या. ड्रायव्हर टोप्या काढून हात जोडून उभे होते. मग भंतेजींचं लक्ष स्टिअरिंगच्या कागदाकडे गेलं. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"उपासक," ते मला म्हणाले, "जन्मभर नीट वागायला माणसाला पाच शीलं पुरतात. तुम्ही शिरूर ते दौंडसाठी एकोणतीस दिलीत."

खंडू म्हणाला, "पण भंतेजी, मी एक बी मोडलं न्हाई."

उरलेली खीर सगळ्या रांगेला घोट घोट गेली. मग हौसरावांनी पुढच्यांना हाळी दिली, आणि सत्तर गाड्यांनी सरकून आमच्या ट्रॉलीला वाट दिली. आत आलेली गाडी मात्र वजनकाट्यावरूनच बाहेर पडते. मी पुस्तकांच्या खोक्यांवर बसलो होतो, पुन्हा फुटू नयेत म्हणून. ट्रॉली काट्यावर चढली. काट्यावरच्या क्लार्कने खिडकीतून डोकं न काढताच, उसातला वाळका पाला वजनातून वजा करायच्या सवयीने विचारलं, "चार टन भरलं. त्यातनं पाचट किती वजा करू?"

सोजरबाईने खोक्यांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं.

"तीन टन धरा," ती म्हणाली. "वर बसलेत ते धरून."

घरी गेल्यावर मी आकडेमोड करून पाहिली. पुस्तकं दोन टन नऊशे तीस, मी सत्तर किलो. तिचा आकडा बरोबर होता.