आजीबाईचे गुडघे

"नाही जमणार, असं म्हणून टाका एकदाचं. म्हणजे मी ताईला तसं कळवते," नाश्त्याच्या टेबलावर बायको म्हणाली, आणि जपूनरावांच्या तोंडून "जमेल की!" असं निघून गेलं.

जपूनराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासता तपासता, जगात अपघाताखेरीज दुसरं काही घडतच नाही अशी त्यांची खात्री झाली होती. भेटेल त्याला ते "जपून हं" म्हणत, आणि ऑफिसनं त्यांचं तेच नाव ठेवलं. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला आकाशपाळणा, रोपवे, दोरीचा पूल, सगळ्याला नाही म्हटलं होतं. या वेळी मात्र तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं. समुद्रकिनाऱ्यावर घोड्यावरून रपेट करायची, आणि पाय मागे घेतलात तर यापुढच्या सगळ्या सहली ताईबरोबर. घरात एकट्यानं गॅस बंद आहे की नाही ते बघत बसायचं, ही कल्पना त्यांना घोड्याहूनही भयंकर वाटली होती.

म्हणून तर ते बायको उठायच्या आत तबेल्यात जाऊन आले होते.

"सगळ्यात म्हातारं जनावर द्या मला. पळणारं नको."

"मग आमची आजीबाई घ्या," घोडेवाला म्हणाला. "गरीब घोडी आहे."

"आणि हे आमच्या घरच्यांना कळता कामा नये."

घोडेवाला हसला. जरा जास्तच हसला, असं जपूनरावांना वाटलं.

रपेट सुरू झाली. पुढे घोडेवाला, मागे एक नवं जोडपं, मग बायको आणि शेवटी जपूनराव. डोक्यावरचं हेल्मेट सैल होतं, खोगीर एका बाजूला सरकल्यासारखं वाटत होतं, आणि माडांवरचे नारळ थेट आपल्याच डोक्यावर नेम धरून बसले आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. आजीबाई मात्र खरोखरच गरीब होती. ती इतकी हळू चालत होती की जपूनरावांनी एक डोळा उघडला.

तेवढ्यात नव्या जोडप्याला फोटो हवा झाला. घोडेवाला खाली उतरून मोबाईल धरून उभा राहिला. आजीबाईनं समुद्राकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि सरळ पाण्याच्या दिशेनं वळली.

"अगं, तिकडे कुठे? बाई, ऐक ना!" जपूनराव कुजबुजले. मोठ्यानं ओरडलं तर ती बिथरेल, अशी त्यांना धास्ती होती. मागे खुरांचे आवाज आले. बायकोची घोडी वळली, जोडप्याचे घोडे वळले, घोडेवाल्याचा घोडासुद्धा त्याला वाळूत सोडून रांगेत लागला. घोडेवाला धावत ओरडत होता, "लगाम ओढा, साहेब!" पण साहेबांनी केव्हाच दोन्ही हातांनी आयाळ धरली होती.

गुडघाभर पाण्यात आजीबाई थांबली. बाकीचे घोडे तिच्याभोवती शहाण्यासारखे उभे राहिले.

"काका, काय डेअरिंग आहे हो तुमचं!" नवरा मुलगा ओरडला आणि दोघं लाटांचे फोटो काढू लागले.

घोडेवाला धापा टाकत पाण्यात आला. "हिचे गुडघे दुखतात हो. रोज इथे खाऱ्या पाण्यात भिजवून घेते. आणि ही निघाली की सगळा तबेला निघतो, लहानपणापासून सवय आहे त्यांना."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही म्हातारी मागितलीत, म्हातारी दिली." मग तो बायकोकडे वळला. "बाई, तुम्ही डोळे उघडा आता! घाबरता म्हणून तर तुम्हाला हिची गरीब लेक दिली. तुम्हीही काल संध्याकाळी येऊन, जावंच लागलं तर असावं म्हणून म्हातारं घोडंच मागत होतात, पण साहेब जास्तच घाबरलेले..." त्यानं जीभ चावली आणि तो आपल्या घोड्याकडे सटकला.

जपूनरावांनी मान वळवली. बायको घोडीच्या मानेला मिठी मारून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तूसुद्धा? मग हट्ट कशाला धरलास?"

"मला काय माहीत तुम्ही हो म्हणाल!" ती रडकुंडीला आली होती. "इतक्या वर्षांत कधी म्हणालात का? ताईपुढे मी आपली म्हणायची, मला फार हौस आहे, पण हे नको म्हणतात. तुमच्यावर विसंबून होते मी."

"म्हणजे तो आकाशपाळणा?"

"बघूनच चक्कर आली होती."

जपूनरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. भर पाण्यात घोडीवर बसूनही त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं ते उगाच स्वतःला अपराधी समजत होते.

"काकू," नवी नवरी ओरडली, "आम्ही दुपारी त्या पाण्यावरच्या स्कूटर घेणार आहोत. तुम्हीही येणार ना?"

बायकोनं जपूनरावांकडे पाहिलं. अशा काकुळतीनं तिनं त्यांच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. जपूनरावांनी हेल्मेट सरळ केलं.

"अजिबात नाही," ते कडाडले. "मी जाऊ देणार नाही!"

"बघितलंस ना गं?" बायको नव्या नवरीला म्हणाली, आणि भला मोठा सुस्कारा टाकला. "आमचं हे असं आहे बघ. कसली म्हणून हौस करू देत नाहीत."

आणि तिनं जपूनरावांचा हात घट्ट धरला, तो आजीबाई किनाऱ्याकडे वळेपर्यंत सोडला नाही.