पादचारी मार्गावरील खांबांची हकीकत

चालणाऱ्यास आणि न चालणाऱ्यास सारखेच सांभाळणाऱ्या श्रीगजाननास नमन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघमासी एका राज्यात पादचारी मार्ग सिद्ध जाहला, त्याची हकीकत ऐकिली तैसी लिहितो. सेवकाची मती थोडी, चुकले असल्यास जाणत्यांनी दुरुस्त करावे. त्या नगरी अनसूयाबाई टिपणीस म्हणोन बाई होत्या, पायांनी अधू, चाकांच्या खुर्चीवरून हिंडत, आणि मार्गाच्या पलीकडच्या टोकास त्यांची बहीण कुमुदताई राहत असे. रस्त्याने जावे तर गाड्या अंगावर येत. सबब कोणी न उचलता एकवार बहिणीकडे जावे, इतकीच बाईंची इच्छा. मग बांधकामाचे कारभारी भास्करपंत यांनी खास अपंगांसाठी म्हणोन उतार केले, गुळगुळीत फरशी बसविली, आणि दुचाक्या वर चढू नयेत म्हणोन दोन्ही टोकांस लोखंडी खांब रोविले. खांबांमधील अंतर दुचाकीचे हँडल मापून ठरविले. खुर्ची मापावी हे एकासही सुचले नाही. आम्हांस यातील शास्त्र कळत नाही, परंतु काय म्हणावे! मग उद्घाटनाचा मुहूर्त आला आणि बाईंस मान द्यावा ऐसे ठरले आणि चौघांनी त्यांस खुर्चीसकट उचलोन खांबांच्या आत ठेविले, त्यांचे हस्ते फीत कापविली, छायाचित्रे काढिली, आणि सरकारस्वारी भोजनास गेली. बाई आनंदे खुर्ची हाकीत पलीकडच्या टोकास पोहोचल्या, तो पुढे खांब. बहिणीचे अंगण समोर दिसते आणि जाता येत नाही. मग पंतांस भरल्या पानावरून उठवून आणिले.

ते म्हणाले, "एवढंच ना, काकू? चौघं मिळून उचलतील तुम्हाला."

बाई म्हणाल्या, "मी काय गव्हाचं पोतं आहे? खांब काढा."

"अहो, खांब काढला तर दुचाक्या घुसतील!"

"मग त्यांना अडवा. मला कशाला अडवताय?"

अंगणातून कुमुदताई ओरडल्या, "अहो पंत, लवकर काय ते करा! चहा किती वेळा गरम करू?"

मग निरुपाये एक खांब उपटिला, आणि तत्क्षणी त्या फटीतून एक दुचाकीस्वार आत शिरला आणि बाईंसच म्हणतो, "मावशी, जरा बाजूला घ्या ना, घाई आहे."

बाईंनी खुर्ची तसूभर हलविली नाही. "तुला अख्खा रस्ता आहे, बाबा. मला एवढंच आहे. घे मागे."

तो पुटपुटत मागे गेला, आणि बाई कोणी न उचलता बहिणीच्या अंगणी दाखल जाहल्या आणि चहा प्याल्या. इकडे फटीतून दुचाक्या घुसू लागल्या, तक्रार सरकारात गेली, आणि पंतांनी दिवस मावळण्याच्या आत खांब होता तेथे पुन्हा रोविला. ऐसी तत्परता त्या राज्यात पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

सारांश, मार्ग जाहला, सन्मान जाहला, खांबही जागी बसला. बाई उचलू देत नाहीत, आणि खुर्ची मापण्यास अजून कोणी गेले नाही. सबब त्या अद्यापि बहिणीकडेच आहेत.