कुलगुरूंच्या कानावर

कार्यक्रम कसा आखावा हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! निदान त्या दिवशी दुपारपर्यंत तरी माझं स्वतःबद्दल हेच मत होतं.

मी विद्यापीठाच्या वाचा, भाषा आणि श्रवण विभागात शिकवते. लोकांना नीट बोलता यावं, नीट ऐकू यावं, यासाठी आमचा विभाग. आता आमच्याइतके एकमेकांचं न ऐकणारे प्राध्यापक दुसरीकडे सापडणार नाहीत, ते सोडा. तर विभागाची वर्षभराची कामगिरी बघायला खुद्द कुलगुरू येणार होते, आणि त्यांना खूश करणं भाग होतं. कारण आम्हाला हवी होती आवाजबंद खोली.

कान तपासायची आमची खोली पाण्याच्या पंपाला चिकटून आहे. आम्ही यंत्रातून बारीक शिटी सोडतो. ऐकू आली की पेशंटने हात वर करायचा. पंप सुरू झाला की सगळेच हात वर करतात! एका आजीबाईंनी तर दोन्ही केले. अशा खोलीत कोण ठार बहिरं आणि कोण तिखट कानांचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"तक्ते लावू या," विभागप्रमुख सर म्हणाले. सर आवाजाचे तज्ज्ञ. "आलेख दाखवू. शोधनिबंध मांडून ठेवू."

"सर, आलेख बघून कुणाला कधी गहिवरून आलंय का?" मी म्हटलं. "मी जिवंत कामगिरी आणते!"

"जिवंत म्हणजे?"

"माझे सासरे!"

बाबांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली. न्यायाधीश हळूच नाव सांगणार आणि बाबा दारात उभे राहून त्या नावाची अशी आरोळी ठोकणार, की पक्षकार तर येतच, पण रस्त्यावरून जाणारे चार निरपराध लोकही घाबरून आत येत! निवृत्तीनंतर बाबांचे कान गेले. आवाज मात्र जिथल्या तिथे. कानाला यंत्र लावायला त्यांना तयार करता करता माझे अर्धे केस पांढरे झाले. "मला ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता," हे त्यांचं ठाम मत. शेवटी एकदाचं यंत्र लागलं आणि पहिल्याच दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "नळ गळतोय गं!" मी ओट्याशी उभी राहून रडले होते. कुलगुरूंना मला हेच दाखवायचं होतं.

बेत अगदी सोपा. या यंत्राबरोबर काडेपेटीएवढा एक माइक मिळतो. तो मी कॉलरला लावायचा, शेजारच्या खोलीत जाऊन दार लावायचं आणि हळूच एक वाक्य म्हणायचं. ते थेट बाबांच्या कानात जाणार. सभागृहात कुणालाच काही ऐकू येणार नाही, आणि कानांनी अधू असलेला एकटा माणूस ते वाक्य म्हणून दाखवणार!

"बाबा, कानात येईल ते शब्दन् शब्द मोठ्याने म्हणायचं."

"मोठ्याने म्हणजे किती?"

"कोर्टासारखं!"

बाबांचा चेहरा उजळला. "आणि थांबायचं कधी?"

"मी येऊन सांगेन तेव्हा. तोपर्यंत काही झालं तरी थांबायचं नाही!"

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

कार्यक्रमाच्या दिवशी सरांचा आवाज बसला. 'आवाज कसा जपावा' या भाषणाची तालीम करून करून! नुसते ओठ हलत होते, काचेपलीकडच्या माशासारखे. म्हणून सूत्रसंचालनही माझ्याकडे आलं. कुलगुरू पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी अधिष्ठाता. मी बाबांना मंचावर खुर्चीत बसवलं, माइक माझ्या कॉलरला लावला आणि कान तपासायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"खिडकीबाहेर निळी सायकल उभी आहे," मी पुटपुटले.

"खिडकीबाहेर निळी सायकल उभी आहे!" भिंतीपलीकडून गर्जना आली. काय टाळ्या पडल्या! मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटीच हवेत मूठ उगारून नाचले.

आणि मी दाराकडे वळणार, एवढ्यात पंप सुरू झाला. त्याच क्षणी फोन वाजला. नवरा होता.

"काय गं, कसं चाललंय?"

"थांब, मोठ्याने बोलते, पंप चालू आहे!" मी ओरडले. "मस्त चाललंय!"

"कुलगुरू काय म्हणतायत?"

"ते काय म्हणणार! बसलेत मान डोलावत! त्या माणसाला मान डोलावण्यापलीकडे काही येतं का रे? किती वर्षं खोली मागतोय आम्ही! दर वेळी 'हो हो, बघू'! या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं! इतक्या वेळा भिंतीला सांगितलं असतं, तर भिंतीने स्वतःच खोली बांधून दिली असती!"

"हळू बोल, कुणी ऐकेल."

"कोण ऐकतंय? अधिष्ठाता तर आल्या आल्या झोपलेत, तोंड उघडं टाकून! माशी आत जाऊन बाहेर आली तरी कळायचं नाही!"

"आणि बाबा?"

"बाबा इथे हिरो आहेत! पण घरी? मी बोलायला लागले की यंत्र कानातून काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात! मला दिसत नाही असं वाटतं त्यांना!"

तेवढ्यात दार उघडलं. विभागप्रमुख सर आत आले. चेहरा घामाने डबडबलेला. ते माझ्याकडे बघून ओठ हलवू लागले आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवू लागले.

"घसा दुखतोय का, सर?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा कॉलरशी बोट नेलं.

"तरी मी म्हणत होते! बोलू नका! कोमट पाणी घ्या! गुळण्या करा!"

सरांनी कपाळावर हात मारला. मग दोन्ही हातांनी माझ्या गळ्याकडेच झेपावले. मी मागे सरकले. "अहो सर, हे काय करताय!"

आणि नेमका तेव्हाच पंप बंद पडला. उघड्या दारातून बाबांचा खणखणीत आवाज आला :

"अहो सर, हे काय करताय!"

माझ्या हातातला फोन खाली पडला.

"अरे देवा," मी म्हटलं.

"अरे देवा!" बाबांनी पुकारा केला.

मी माइक कॉलरवरून अक्षरशः उपटून काढला आणि बंद केला. मागाहून सहकाऱ्यांनी सगळं सांगितलं, अगदी चवीने. बाबांनी एक शब्द गाळला नव्हता! मान डोलावणं, भिंत, 'हो हो, बघू', सगळं पोचलं होतं. माशीच्या वाक्याला अधिष्ठाता दचकून जागे झाले आणि त्यांनी आधी तोंड मिटलं. फक्त एकाच ठिकाणी बाबा थबकले होते. डबीचं वाक्य पूर्ण म्हटल्यावर त्यांनी तितक्याच गंभीरपणे पुस्ती जोडली, "हे मात्र साफ खोटं आहे. मी यंत्र शर्टाच्या खिशात ठेवतो!"

मी सभागृहात गेले. इतकी शांतता, की टाचणी पडली असती तर बाबांनीही ऐकली असती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांच्या लक्षात आलं होतं.

"माझं काही चुकलं का गं?" ते हळू आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हळू बोलताना मी ऐकलं.

"नाही बाबा. मी सांगितलं तेच केलंत तुम्ही."

कुलगुरू उठले. "मॅडम, जरा बाहेर येता?"

संपलं! मी मनातल्या मनात घरी शिकवणी वर्ग काढून मोकळीही झाले. कुलगुरू चालत चालत त्याच खोलीत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, मी माफी…"

"जरा या बाजूने बोला," ते म्हणाले आणि त्यांनी उजवा कान पुढे केला. "डावीकडून मला काही ऐकू येत नाही. उजवीकडूनही आता कमीच येतं."

मी पटकन त्यांच्या उजवीकडे सरकले.

"कुणाला सांगायचं? लोक येतात, तोंडातल्या तोंडात बोलतात. मी 'हो हो, बघू' म्हणतो. तुमची खोलीची मागणी मला आज पहिल्यांदा कळली. या विद्यापीठात मला शब्दन् शब्द समजलेलं हे पहिलंच भाषण! कान तपासता का माझे?"

मी त्यांना हेडफोन लावला आणि हात कधी वर करायचा ते सांगितलं. पंप पुन्हा सुरू झाला. कुलगुरूंनी बाणेदारपणे हात वर केला. मी शिटी सोडलीच नव्हती! मी ते त्यांना उजव्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा ते मनापासून हसले आणि त्यांनी खोली तिथल्या तिथे मंजूर केली.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं बसवली. यंत्र सुरू झाल्यावर ते खिडकीशी जाऊन कितीतरी वेळ नुसते ऐकत उभे राहिले. विभागाच्या अहवालात सरांनी वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून हीच नोंदवली, आणि माझी छाती अशी फुगली म्हणता!

कौतुक ऐकावं म्हणून मी दुपारी मुद्दाम कँटीनमध्ये गेले. लेखा विभागातले बाबू एकटेच बसले होते. मी समोरची खुर्ची ओढली.

"कुलगुरूंचे कान तुम्हीच ठीक केलेत ना, मॅडम?"

"हो!" मी विनयाने म्हटलं. "आमचं कामच आहे ते."

"सोन्यासारखा माणूस होता हो," बाबू उसासा टाकत म्हणाले. "कुठल्याही फायलीवर मान डोलवायचा. आता प्रत्येक वाक्याला 'का?' विचारतात! काल मी दाराबाहेर जाऊन पुटपुटलो, तर आतून आवाज आला, 'मी ऐकलं!' मॅडम, तुम्हाला दुसरं कुणी सापडलं नाही का हो?"

एवढं बोलून त्यांनी आपला चहाचा कप उचलला आणि ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.