तोफूखानाचा पाडाव आणि आक्कासाहेबांची बॅग

लेखणीस नमस्कार, शाईस नमस्कार, आणि वाचणाऱ्याच्या धीरास दोनदा नमस्कार. थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या. आमच्या वाट्यास एक कढई आली. ती लिहावी की न लिहावी, या विचारात तीन दिवस गेले, आणि चौथे दिवशी ऐसे मनात आले की, न लिहिल्यास आक्कासाहेबांची बॅग दारातून कैसी हलली हे पुढील पिढ्यांस कळणार नाही आणि त्या आम्हांस बोल लावतील. सबब, जैसे घडले आणि जैसे कळले तैसे लिहितो. कोठे अधिक उणे जाहल्यास दोष लिहिणाराचा, तोफूचा नव्हे.

चष्म्याच्या दुकानास लागून एका अरुंद गल्लीत राजमान्य राजेश्री, दोराबहाद्दर, खळनिपुण, शिकंजाधीश बाइंडरसाहेब यांची गादी होती. खाली पुस्तके बांधण्याचा कारखाना, वर दोन खोल्या आणि मुदपाकखाना, ऐसे संस्थान. फाटक्या पाठीची, सुट्या पानांची, वाळवीने लुटलेली हजारो पुस्तके साहेबांनी शिवली, त्यांस पिठाची खळ लावली, आणि शिकंज्यात, म्हणजे चाक फिरवून दाबावयाच्या लोखंडी यंत्रात, घालोन ताळ्यावर आणिली. परंतु बोलण्याच्या प्रांती त्यांचे राज्य फारच लहान होते. गिऱ्हाइकाने पुस्तक कधी मिळेल ऐसे पुसले तर साहेब कॅलेंडराकडे बोट दाखवीत. लग्नास एकतीस वर्षे जाहली होती, आणि भाजी चांगली झाली हे कुटुंबास सांगावे की कसे, याची मसलत त्यांच्या मनात अद्याप चालू होती.

त्यांच्या वडील भगिनी, गणितमार्तंड, जिव्हासमशेर आक्कासाहेब. आई लवकर गेल्यामुळे साहेबांचे नाक पुसण्यापासून पाढे पाठ करविण्यापर्यंतच्या सर्व मोहिमा यांनीच मारिल्या. मग चाळीस वर्षे दूरच्या गावी शाळेत गणित शिकविले, आणि तेथेच तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकट्या राहिल्या. गेल्या हिवाळ्यात जिन्यावर पाय मुरगळला, तेव्हां साहेब स्वतः जावोन त्यांस घेवोन आले. पाय बरा जाहला. परंतु रक्त तपासले, आणि डॉक्टरांचे फर्मान सुटले की, मटण बंद, लोणी बंद, चीज बंद, ताकदीकरिता तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, खावा. मटणावर आक्कासाहेबांची निष्ठा दातांहून जुनी. फर्मान ऐकोन त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणे हे त्यांचे सर्वांत कठीण हत्यार.

आता गनिमाचे वर्णन. नाव तोफूखान. वर्ण पांढरा, अंग मऊ, स्वभाव थंड, रुची कोणतीही नाही. प्लास्टिकच्या डब्यात चोहोंकडून पाण्याचा खंदक करोन मध्ये स्वस्थ बसतो, आणि कोणी चाकू दाखविला तरी त्यास भय वाटत नाही. ऐसा निर्विकार शत्रू जिंकणे कठीण, कारण तो लढतच नाही.

पहिली स्वारी मुदपाकखान्याच्या सरकारांनी, म्हणजे साहेबांच्या कुटुंबाने, केली. खंदकातून उचलला तो थेट तापल्या तेलात सोडिला, मग पाणी आणि तेल यांची अशी धुमश्चक्री उडाली की सरकारांनी झाकणाची ढाल करोन माघार घेतली आणि गनीम भुगा होवोन कढईस चिकटला. आक्कासाहेबांनी एक घास घेतला आणि निवाडा दिला, "भिजलेलं खोडरबर आहे हे." दुसरी स्वारी सोया सॉसच्या जोरावर जाहली, अंदाज चुकोन अर्धी बाटली रिती केली. वरून खारट, आतून तोच थंड तोफूखान. आक्कासाहेब दोन तांबे पाणी प्याल्या, आणि म्हणाल्या की खोडरबर आता समुद्रात पडलं. सरकारांस हसू आले आणि रडूही आले, आणि दोन्ही एकदम आल्याने उचकी लागली.

त्याच दिवशी आक्कासाहेबांनी जाहीर केले, "उपाशीच राहायचं तर मी माझ्या खोलीवर राहते. तिथे खिडकी तरी मोठी आहे." मग आपली मोठी तपकिरी बॅग कपाटामागून काढोन बाहेरच्या दाराशी उभी केली. सोमवारची सकाळी सातची बस ठरली.

साहेबांच्या पायांखालील जमीन सरकली. एकटी बाई, तिसरा मजला, तोच जिना. "आक्का, राहा" एवढे दोन शब्द बोलावयाचे होते. साहेबांनी ते कारखान्यात म्हणोन पाहिले, जिन्यावर तीन वेळां म्हणोन पाहिले, मग खोलीत शिरोन तोंड उघडले, तो "पंखा लावू का?" ऐसे बाहेर पडले. आक्कासाहेबांनी नको म्हटले, आणि साहेब आल्या वाटेने खाली गेले. मग शिकंज्याशी बसोन त्यांनी आयुष्यातील पहिला आणि अचाट मनसुबा केला की, बोलता येत नाही तर शिजवावे.

शनिवारी दुपारी साहेब चौकातील नूडल्सवाल्यांच्या गाडीवर मसलतीस गेले. हे गृहस्थ सॉसांचे जाणते. त्यांच्या आईच्या हातची कृतींची वही तेलाने आणि वयाने सुटी जाहली होती, ती साहेबांनी मागील वर्षी एकेक पान वाळवोन शिवली होती, त्यामुळे तहाची कलमे ठरण्यास वेळ लागला नाही. साहेबांनी तोफू हा एकच शब्द उच्चारला, आणि नूडल्सवाल्यांनी पलटा खाली ठेवोन सांगितले, "मास्तर, तोफू बिचारा आहे. त्याला स्वतःची चव नाही, म्हणून तो दुसऱ्याची घेतो. पण त्यातलं पाणी आधी काढायला हवं. भरलेल्या घरात पाहुणा कुठून शिरणार? चांगला दाबा त्याला, वजनाखाली."

दाबा. हा शब्द कानी पडताच साहेबांच्या मुद्रेवर तेज आले. मुदपाकखान्याच्या परक्या मुलखात आज प्रथमच कोणी त्यांच्या भाषेत बोलले. पुढे नूडल्सवाल्यांनी आले, लसूण, तिखट सॉस, व्हिनेगर, चमचाभर साखर आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब, ऐसा सरंजाम लिहून दिला, आणि शेवटी रस दाट होण्यास कॉर्नफ्लॉवर घालावे हे सांगितले. कैसे घालावे हे सांगण्याआधी गाडीवर गिऱ्हाइकांचा गलबला जाहला. ते राहिले, आणि त्यावरच पुढे लढाई आली.

रविवारी सकाळी दहा वाजता साहेबांनी तोफूचे दोन डबे कारखान्यात उतरविले. पहिला गनीम स्वच्छ मलमलीत गुंडाळिला, दोन फळ्यांमध्ये ठेविला, शिकंज्यात दिला, आणि मग हात सवयीने चालला. शब्दकोश दाबावयाचा तर चाक फिरेनासे होईतो फिरवावे, हा घराण्याचा कायदा. साहेबांनी चाक फिरविले, आणि फिरविले, आणि पाण्याचा लोंढा मेजावरून निघोन एका प्राध्यापकांच्या प्रबंधावर चालोन गेला. तो प्रबंध साहेबांनी झेप घालोन वाचविला. मग फळ्या उघडल्या. आत तोफूखान जाड वहीच्या पुठ्ठ्याएवढा उरला होता. कडा इतक्या सरळ की साहेबांचा हात आपसूक पट्टीकडे गेला.

सरकार जिन्याच्या पायरीवरून पाहात होत्या. "अहो, हा तर पुठ्ठा झाला," त्या म्हणाल्या. साहेबांनी पट्टीकडे गेलेला हात मागे घेतला. मग सरकारांनी थोडा विचार केला आणि पुसले, "तुमच्याकडे शंभर वर्षांचं पुस्तक आलं, तर त्याला असं पिळाल का?"

हा प्रश्न साहेबांच्या वर्मी बसला. जुन्या पुस्तकाचा कायदा वेगळा. मग दुसरा डबा उघडला, मलमल नवी घेतली, आणि साहेबांनी चाक पाव फेरा फिरविले आणि थांबले. पाणी थेंबथेंब आले. पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबले. सरकार पायरीवर बसल्या, आणि थांबण्याच्या त्या वेळात साहेबांनी त्यांस जुने पुस्तक कैसे दाबावे, पाठ कोठे मोडते, पाने का रुसतात, हे सांगितले. किती वेळ बोलले याची खात्री नाही. वीस मिनिटे जाहली असावीत, आणि सरकारांच्या मते ती एकतीस वर्षांतील सर्वांत लांब होती. फळ्या उघडल्या तेव्हां तोफूखान आपल्या रूपात, परंतु घट्ट आणि नम्र, बसला होता.

मग फौज वर चढली. बाहेरच्या खोलीत आक्कासाहेब वर्तमानपत्राच्या तटामागे, आणि बॅग दाराशी. साहेबांनी गनिमाचे चौकोन केले, सगळे एका मापाचे, वर कोरडे कॉर्नफ्लॉवर शिंपिले, आणि तव्यावर थोडे तेल तापवोन मांडिले. नूडल्सवाल्यांची ताकीद होती की, तुकडा स्वतः तवा सोडीपर्यंत त्यास हात लावू नये. उलटावयास दोघांचेही हात शिवशिवत होते, परंतु दोघांनी उलथणे मध्ये ठेवोन तह पाळिला. मग एका तुकड्याने तवा सोडला, मग दुसऱ्याने, आणि उलटले तो काय, सोन्याच्या मोहरा. सरकारांनी तोंडावर पदर धरोन नाचावयाचे बाकी ठेविले. साहेब नाचले, परंतु एकाच पायावर आणि फार थोडे.

कढईत आले आणि लसूण पडले. वास बाहेर गेला. वर्तमानपत्राचा तट दोन बोटे खाली उतरला, ऐसी खबर दाराच्या फटीने आणिली. मग सोया सॉस मापाने, व्हिनेगर, तिखट सॉस, साखर. रस उकळू लागला, लाल-काळा आणि चकचकीत, परंतु पातळ. सरकारांनी कॉर्नफ्लॉवरचा पुडा उचलला आणि उकळत्या कढईवर तिरका केला.

"थांब," साहेब म्हणाले.

हा शब्द या घरात साहेबांच्या तोंडून कोणी ऐकिला नव्हता. पुडा हवेत थांबला. बाहेर वर्तमानपत्रही थांबले.

"गरमात कोरडं पीठ टाकलं की गाठी होतात," साहेब म्हणाले. "खळ आहे ही. आधी गार पाण्यात कालवायची, मग धारेनं सोडायची, आणि हात थांबवायचा नाही. चाळीस वर्षं हेच करतोय मी."

मग त्यांनी वाटी घेतली, दोन चमचे पीठ गार पाण्यात बोटाने मोडले, जैसी कारखान्यात खळ मोडीत तैसे, आणि धार सोडोन ढवळीत राहिले. रस दाटला. एक गाठ नाही. चमच्याच्या पाठीस ऐसा बिलगला की पुस्तकाच्या पाठीसही खळ एवढ्या प्रेमाने बिलगली नसेल. त्यात सोन्याच्या मोहरा पडल्या, तिळाच्या तेलाचे चार थेंब पडले, आणि कांद्याची पात कापोन वर हिरवे निशाण लागले. पिळलेला पुठ्ठाही वाया गेला नाही. सरकारांनी त्याच्या फिती कापोन तव्यावर कडक केल्या आणि ताटाच्या कडेस पहारेकऱ्यांसारख्या उभ्या केल्या.

ताट आक्कासाहेबांपुढे गेले. त्यांनी एक तुकडा उचलला, चष्म्यावरून पाहिला, खाल्ला. दुसरा खाल्ला. मग एक फीत मोडली, तिचा कुर्रकन आवाज जाहला, आणि सरकारांचा जीव तेवढ्या आवाजाने भांड्यात पडला.

"कोणी केलं?" आक्कासाहेबांनी पुसले.

सरकारांनी उत्तर केले, "तुमच्या भावानं. मला तर ओरडलेसुद्धा."

आक्कासाहेबांनी भावाकडे पाहिले. पाढा चुकला की जैसे पाहात तैसे नव्हे. चुकलेला पाढा एकदाचा बरोबर आला की जैसे पाहात, तैसे. "खोडरबर कुठं गेलं मग?" म्हणाल्या, आणि ताट पुढे केले. दुसऱ्यांदा वाढले, मग तिसऱ्यांदा. तेव्हां साहेबांनी सर्व धैर्य गोळा केले. छाती भरली, ओठ उघडले, दोन शब्द दाताशी येवोन उभे राहिले, आणि बाहेर पडले ते ऐसे, "आक्का, भात वाढू?"

"वाढ," आक्कासाहेब म्हणाल्या. "आणि उद्या आलं जरा बारीक चिर, दाढेखाली येतंय. आणि ती बॅग दारातून काढ, माझाच पाय अडकायचा एखादे दिवशी."

उद्या, म्हणजे सोमवार. सोमवारी सकाळी सातला बस. हा हिशेब साहेबांस एरवी सावकाश लागता, परंतु गणित त्यांस आक्कासाहेबांनीच शिकविले होते; ताबडतोब लागला. ते उठले, बॅगेच्या मुठीस दोन्ही हात घातले, आणि सहा महिन्यांचा संसार उचलावयाचा म्हणोन सर्व बळ लाविले, तो बॅग फुलासारखी वर आली आणि साहेब मागील भिंतीवर आदळले. आत काही नव्हते. एक साडीही नव्हती. साहेबांनी मागे वळोन पाहिले. आक्कासाहेबांनी वर्तमानपत्र उचलले आणि तट पूर्ण उंचीचा बांधिला. मात्र तो उलटा धरला गेला होता.

येणेप्रमाणे तोफूखान पाडाव जाहला, रविवारी, दुपारी एक वाजोन काही मिनिटांनी. बॅग कपाटामागे आपल्या जागी रुजू जाहली, सातची बस एक आसन रिकामे घेवोन गेली, आणि मंगळवार व रविवार हे तोफूचे वार म्हणोन त्या दिवशी शिकंज्यावर पुस्तक ठेवू नये ऐसा ठराव जाहला. लढाईचा वृत्तांत येथे पुरा केला. बॅग रिकामी होती ही गोष्ट साहेबांनी कोणास सांगितली नाही, कुटुंबासही नाही. सबब आम्हीही ती हळूच लिहिली आहे, वाचणाराने हळूच वाचावी.