दंड प्रविणचे, पाय दिपालीचे

प्रविणचे दंड एवढे फुगले होते, की लग्नाच्या शेरवानीच्या बाह्या शिंप्याला दोनदा उसवाव्या लागल्या. केजच्या जिममध्ये तीन वर्षं तो रोज आरशापुढं लोखंड उचलायचा. (आरसा कमरेपर्यंतच होता. त्यामुळं पायांचा विचार त्याच्या मनात कधी आलाच नाही.)

लग्न झालं की जोडीनं खंडोबाला जायचं, नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही घरची रीत. देऊळ टेकडीवर, पायऱ्या एकवीस. खाली उभं राहून प्रविणनं सासरवाडीकडं नजर टाकली. सासू विमलबाई काडीसारखी, मेव्हणा उत्तरेश्वर वाळक्या शेंगेसारखा. सगळी ऊसतोडीची माणसं. जावई काय चीज आहे ते यांना एकदा दिसावं, म्हणून तो बोलून बसला, "पाच काय, एकवीसच्या एकवीस चढतो."

"पाचच बास, जावईबापू," विमलबाई म्हणाल्या. "देवापुढं बोललं की उचललेलं माणूस मधी टेकवता येत न्हाई."

"मामी, मी शंभर किलो उचलतो."

"उचलता की. पर लोखंड गप पडून ऱ्हातं. ही आमची पोरगी हाय."

नवरीला, दिपालीला, उचलून पहिल्या पाच पायऱ्या प्रविण मोबाईलवाल्यांकडं बघत चढला. आठवीला हसू गेलं. अकरावीला पाय शिवणयंत्रासारखे थडथडायला लागले, आणि बाराव्या पायरीवर तो दिपालीला मांडीवर घेऊन खालीच बसला. मागं दर्शनाची रांग तुंबली.

"काय झालं?" दिपालीनं हळूच विचारलं.

"दर्शन घेतोय."

"देव वर हाय."

"दाजी, जॅक लावू का?" खालून उत्तरेश्वर म्हणाला.

प्रविणनं तिला आणखी घट्ट धरलं. दिपालीचा पाय टेकला तर बोल मोडणार, आणि सासरवाडी जन्मभर ते काढणार. दिपालीनं मात्र आईला विचारलं, "आई, जोडीतलं एक उचललेलं असलं म्हंजे झालं ना?"

विमलबाईंनी विचार केला. "झालं की. कोन ते कुटं सांगितलंय."

"पाय वर घ्या," दिपाली नवऱ्याला म्हणाली.

त्यानं घेतले. तिनं आपले टेकवले, पदर खोचला, कमरेत वाकली आणि त्याला खांद्यावर टाकलं. फळीवरनं ट्रकात उसाच्या मोळ्या चढवण्यात तिचे चार हंगाम गेले होते.

"अंग ढिलं सोडा. दंडाचं काम न्हाई ह्यात, कमरंचं नि पायाचं हाय."

उरलेल्या पायऱ्या ती न थांबता चढली. मधी नैवेद्याचा डबा जीपमध्ये राहिला का, तेही आईला विचारून घेतलं.

वर म्हातारा बद्रीनाथ गुरव बसलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उचलून आणलेल्या माणसाची ओटी भरायची, एवढं त्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक. दिपालीनं नवऱ्याला त्याच्यापुढं उतरवलं. "पुढं धर," गुरव म्हणाला. प्रविणनं मुकाट्यानं खांद्यावरचा शेला पसरला. त्यात तांदूळ, खण, नारळ पडला. गुरवानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नशीबवान हायस, पोरी. नवरा दणकट गावला."